ललिताबाईंचा डावा डोळा

२०२० साली टाळेबंदीत दूरदर्शनवर रामायण मालिका पुन्हा लागली आणि माझे नशीब फिरले. तोवर आमच्या गल्लीतील म्हाताऱ्या बायका मला थट्टेने ललिता पवार म्हणत. आता पोराटोरांनी नवे नाव शोधले, मंथरा. कारण एकच. माझा डावा डोळा.

मी आठ-नऊ वर्षांची असताना मळ्यात उसाच्या पातीने बुबुळावर ओरखडा उठला. आमच्याकडे ऊस म्हणजे लक्ष्मी. पण त्याची पाती करवतीसारखी धारदार. घरच्यांनी दोन दिवस दूध आणि गुलाबपाणी घालून पाहिले. जखम चिघळली. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरे फूल पडले आणि त्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळू लागला. तेव्हापासून फोटो काढताना मान वळवायची, बोलताना खाली पाहायचे, पदर नाही तर केस पुढे ओढायचे, हे अंगवळणी पडले.

ज्या बाईच्या नावाने मला हिणवतात ती होती तरी कोण, हे पाहावे असे मला कॉलेजात आल्यावर वाटले. रागानेच मी तिचे चरित्र शोधू लागले. जे हाती आले ते आपणा सर्वांपुढे ठेवते.

ललिताबाईंचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. मूकपटांच्या काळात लहान वयातच अंबा पडद्यावर आली आणि पुढे नायिका झाली. ही मंथरा एके काळी देखणी नायिका होती, हे वाचून मी थबकलेच! १९३२ साली कैलास या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. १९३८ साली टॉलस्टॉयच्या कादंबरीवर आधारलेल्या दुनिया क्या है या बोलपटाचीही ती निर्माती होती. आपल्या कोल्हापूरशीही तिचा संबंध आला. भालजी पेंढारकरांच्या नेताजी पालकर (१९३९) या चित्रपटात ती होती आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरून मास्टर विनायकांनी काढलेल्या अमृत (१९४१) मध्येही होती.

मग १९४२ साल उजाडले. एका चित्रपटाच्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी तिला थोबाडीत मारायची होती. दृश्य खरे वाटावे म्हणून हात जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यातली शीर फुटली. उपचार फार दिवस चालले. चेहरा बराच सावरला, पण डावा डोळा बारीक राहिला तो कायमचा. नायिकेचा चेहरा हेच जिचे भांडवल, तिचे ते भांडवल एका थपडेत बुडाले. वय अवघे सव्वीस!

माझ्या मनात आले, आपण असतो तर काय केले असते? मी तर एका फुलापायी लग्नाकार्याला जाणे सोडले होते. ललिताबाई पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. १९४४ साली प्रभातच्या रामशास्त्री चित्रपटात त्यांनी आनंदीबाई केली. प्रभात कंपनी मूळची आपल्या कोल्हापूरचीच. १९२९ साली इथे स्थापन होऊन ती १९३३ साली पुण्याला गेली. पुढे कोल्हापूरच्याच व्ही. शांतारामांच्या दहेज (१९५०) मध्ये त्यांनी हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू उभी केली. तेव्हापासून खाष्ट सासू म्हटली की ललिता पवार, हे समीकरणच होऊन बसले. १९८७-८८ च्या रामायण मालिकेतली मंथरा हा त्याचाच शेवटचा मोठा टप्पा.

इथे मात्र मला थोडे भांडायचे आहे. ज्याचा डोळा वाकडा त्याचे मनही वाकडे, हे आपल्या सिनेमाने पिढ्यान्पिढ्या शिकवले. लंगडा, काणा, कुबडा दिसला की तो खलनायक. त्याची किंमत माझ्यासारखी मुलगी गल्लीत मोजते. ललिताबाईंनी त्या समजुतीचा उपयोग करून पोट भरले, हे खरे. पण त्याच डोळ्याने त्यांनी श्री ४२० (१९५५) मधली प्रेमळ केळेवाली केली. अनाडी (१९५९) मधली मिसेस डिसा तोंडाने फटकारते आणि मनाने माया करते. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. डोळा तोच होता. मग सासू दुष्ट आणि मिसेस डिसा मायाळू कशी? अर्थात करामत डोळ्याची नव्हती, अभिनयाची होती.

गेल्या वर्षी मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला रंगीत कृत्रिम भिंग, म्हणजे प्रॉस्थेटिक कॉन्टॅक्ट लेन्स दिली. माझ्या चांगल्या डोळ्याचा फोटो काढून, त्याच्या तपकिरी रंगाशी जुळवून लेन्सवर बुबुळ रंगवतात. माझ्या त्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून मधली बाहुली भरीव काळी. ज्यांना दिसते त्यांच्यासाठी ती पारदर्शक ठेवतात. हा केवळ नटण्याचा प्रकार नव्हे. जन्मतः ज्यांच्या डोळ्यात रंगीत पडदाच नसतो त्यांना उजेड सोसत नाही. अशी लेन्स तो उजेड अडवते. ज्यांना एकाची दोन चित्रे दिसतात त्यांचा एक डोळा काळ्या बाहुलीने झाकता येतो. मात्र रात्री ती काढावी लागते, नळाचे पाणी लावायचे नाही, ठरलेल्या द्रावणानेच धुवायची. हयगय झाली तर जंतुसंसर्ग होऊन आहे तोही डोळा जातो. हौसेखातर डॉक्टरला न विचारता दुकानातून रंगीत लेन्स घेणाऱ्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावे.

ललिताबाईंना अशी लेन्स मिळाली असती तर? काचेची पहिली भिंगे झुरिकच्या आडोल्फ फिक यांनी १८८८ सालीच जगापुढे मांडली होती. पण मऊ लेन्स ऑटो विख्टर्ले यांनी प्रागमध्ये केली ती १९६१ साली. आणि खरे सांगायचे तर त्यांना तिचा उपयोगही झाला नसता. लेन्स बुबुळावरचा डाग झाकते. लुळ्या पडलेल्या स्नायूला ती उचलू शकत नाही. त्यांना झाकायची सोयच नव्हती. जे आहे ते घेऊनच उभे राहणे भाग होते.

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला सासूची भूमिका मिळाली. लेन्स काढून केलीस तर मेकअपचीही गरज नाही, असे कुणीतरी सुचवले. वाईट हेतूने नव्हे. पण रात्रभर झोप आली नाही. शेवटी मी लेन्स घालूनच सासू केली. दोन्ही डोळे सारखे, सुंदर! आणि तरीही मागच्या बाकांवरच्या मुलींनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे ललिताबाई गेल्या. तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. सुमारे सात दशके त्या पडद्यावर होत्या.

आता मी संध्याकाळी लेन्स काढून डबीत ठेवते आणि तशीच दुकानात जाते, गल्लीतून फिरते. परवा एका आजीबाईंनी पुन्हा मला ललिता पवार म्हणून हाक मारली. मी मान खाली घातली नाही. ओ दिली.

— द्वितीय वर्ष, कला