आपोआप सावरणारा रिसीव्हर : जगदीशचंद्र बोस

माझं आजोळ चुडावा. परभणी जिल्हा, तालुका पूर्णा. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं छोटंसं स्टेशन. गाडीत डुलकी लागली तर चुडावा येऊन गेल्याचं कळतही नाही. यंदा तिथल्या सप्ताहात माझ्यावर एक जबाबदारी आली. आमचे आबा पायाच्या ऑपरेशनमुळे पुण्याला मावशीकडे पडून होते. गावच्या सप्ताहाला ते नाहीत असं पहिल्यांदाच घडत होतं. म्हणून रोजचं कीर्तन त्यांना मोबाईलवर लाईव्ह दाखवायचं ठरलं, आणि घरातली इंजिनीअरिंगवाली म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्या रात्री दोन तासांत लाईव्ह अकरा वेळा तुटलं! दर वेळी नवी लिंक तयार व्हायची. मामाचा मुलगा ती पुण्याला पाठवायचा, मावशी ती उघडून आबांच्या हातात द्यायची, तोवर अभंगाचं चरण संपून महाराज दृष्टांतावर पोचलेले असायचे. कहर म्हणजे, दिसत नाही हे सांगायला मावशी माझ्याच मोबाईलवर फोन करायची आणि त्या फोननेच लाईव्ह पुन्हा बंद पडायचं. तिसऱ्या रात्री आबांनी निरोप पाठवला, राहू दे आता. ते चिडले असते तर मला एवढं लागलं नसतं.

त्या रात्री झोप येईना. मागच्या सेमिस्टरला मी जगदीशचंद्र बोस यांच्यावर सेमिनार दिला होता. तेव्हा मार्कांपुरत्या स्लाईड्स केल्या आणि विसरून गेले. आता मात्र त्यातली एक स्लाईड डोळ्यांसमोरून हलेना. ती कोणती, हे कळायला आधी या माणसाची गोष्ट ऐकावी लागेल. मग परत चुडाव्याला येऊ.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, बंगालमधल्या मैमनसिंगचा. ते आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र इंग्रज सरकारच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या काळी अशा घरातली मुलं इंग्रजी शाळेत जायची. पण वडिलांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. वर्गात एका बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातल्या जिवांच्या गोष्टींनीच आपल्याला निसर्गाची ओढ लागली, असं बोस पुढे सांगत. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीत लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे गोष्टीतला हा भाग मला जरा जास्तच टोचला.

नंतर ते कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले. तिथल्या फादर लाफों यांनी त्यांना फिजिक्सची गोडी लावली. 1880 मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण सततच्या आजारपणामुळे मेडिकल सोडावं लागलं. मग केंब्रिजला विज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले त्यांना शिकवायला होते. 1884 मध्ये पदवी मिळाली. म्हणजे आज आपण ज्यांना वायरलेसमधला मोठा माणूस मानतो, त्यांचा पहिला कोर्स अर्धवट सुटलेला होता. के.टी. लागल्यावर आयुष्य संपलं असं समजणाऱ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं.

1885 मध्ये ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्सचे प्रोफेसर झाले. तिथे एक अन्याय होता. त्याच कामासाठी भारतीय प्रोफेसरला युरोपियनापेक्षा कमी पगार मिळायचा, आणि बोस यांची नेमणूक तात्पुरती असल्याने त्यांना त्याहूनही कमी. त्यांनी भांडण केलं नाही, राजीनामाही दिला नाही. रोज शिकवायचं, पण पगार घ्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं आणि तीन वर्षं ते पाळलं. घरावर तेव्हा वडिलांचं कर्ज होतं. 1887 मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, म्हणजे संसारही याच बिनपगारी काळात सुरू झाला. शेवटी सरकारने पूर्ण पगार मान्य केला, तोही मागच्या तारखेपासून.

संशोधन सुरू केलं ते 1894 मध्ये, पस्तिशी उलटल्यावर. प्रयोगशाळा म्हणजे सुमारे 24 चौरस फुटांची खोली. आपल्या हॉस्टेलची खोली त्यापुढे बंगला वाटेल! शिक्षण नसलेल्या एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी यंत्रं बनवली. हाइनरिश हर्ट्झ यांनी प्रयोगात आणलेल्या रेडिओ लहरी लांब होत्या. बोस यांनी 25 मिलिमीटरपासून 5 मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या. 5 मिलिमीटर म्हणजे 60 गिगाहर्ट्झ. लहरींचं पोलरायझेशन तपासायला त्यांनी ताग पिळून वापरला, आणि रेल्वेच्या जाडजूड टाइमटेबलच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घालूनही काम भागवलं. 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हेच काम मांडलं.

आता ती स्लाईड. लहर पाठवणं एक वेळ जमतं, ती पकडणं अवघड. त्या काळचा रिसीव्हर म्हणजे कोहिअरर. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला. एरवी त्यातून वीज जवळजवळ जात नाही. रेडिओ लहर आली की कण एकमेकांना चिकटतात, रेझिस्टन्स उतरतो, करंट वाहतो. सिग्नल मिळाला! पण गोची अशी की लहर गेली तरी कण चिकटलेलेच राहतात. पुढचा सिग्नल घ्यायचा तर नळीवर टिचकी मारून ते सुटे करावे लागतात. त्यासाठी नळीजवळ छोटी हातोडीच बसवत. दर सिग्नलनंतर एक टिचकी.

बोस यांनी वेगवेगळे धातू घेऊन हे चिकटणं का होतं, याचाच अभ्यास केला. कोणते धातू चिकटून बसतात आणि कोणते आपोआप मूळ स्थितीला येतात, हे तपासलं. 1899 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपोआप सावरणाऱ्या कोहिअररवर निबंध सादर केला. त्यात लोखंड आणि पारा यांचा संपर्क होता, मध्ये तेलाचा अगदी पातळ थर, आणि सिग्नल ऐकायला टेलिफोन. लहर आली की काम करायचं, गेली की स्वतःच पूर्ववत. हातोडी नको, टिचकी नको.

12 डिसेंबर 1901 रोजी मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला सिग्नल न्यूफाउंडलंडमध्ये ऐकला, तेव्हा त्यांच्याकडे पाऱ्याचा, टेलिफोन जोडलेला असाच डिटेक्टर होता. तो त्यांना इटलीच्या नौदलाकडून मिळाला होता. त्याचं मूळ बोस यांच्या 1899 च्या निबंधात आहे, असं आयईईईच्या 1998 च्या एका निबंधात सविस्तर मांडलेलं आहे. म्हणून मार्कोनी यांना चोर म्हणत सुटू नये. लांब पल्ल्याचा संदेश आणि त्याचा धंदा उभा करणं ही त्यांची कामगिरी होती, बोस यांना त्यात रस नव्हता. पेटंट घेणंही त्यांना आवडत नसे. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे गॅलिना डिटेक्टरचं एक अमेरिकन पेटंट 1904 मध्ये त्यांच्या नावावर झालं, पण त्यातून पैसा करायला ते गेले नाहीत.

पुढचं सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे. सतत वापरलेला डिटेक्टर थकल्यासारखा मंद होतो आणि विश्रांतीनंतर सुधारतो, हे पाहून ते सजीवांकडे, मग वनस्पतींकडे वळले. झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ बनवला. तज्ज्ञांचा विरोध झाला, त्यांचे काही निष्कर्ष आजही वादाचे आहेत. 1917 मध्ये त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट काढली, 1920 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, आणि 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह इथे वारले. आपल्या देशात 2022 मध्ये फाइव्ह-जीसाठी 26 गिगाहर्ट्झच्या बँडचा लिलाव झाला. त्या लहरी साधारण साडेअकरा मिलिमीटरच्या, म्हणजे बोस यांच्या त्या छोट्या खोलीतल्याच म्हणायच्या!

आता चुडावा. अंथरुणात पडल्यापडल्या माझ्या लक्षात आलं की आमच्या लाईव्हमध्ये मामाचा मुलगा आणि मावशी म्हणजे ती हातोडी होती. लाईव्ह तुटलं की टिचकी, पुन्हा तुटलं की पुन्हा टिचकी. मी तीन रात्री फक्त तुटू नये म्हणून धडपडत होते. ते का तुटतं हे तपासलं नव्हतं, आणि तुटल्यावर आपोआप कसं जुळेल याचा तर विचारच नव्हता.

सकाळी कागद घेऊन बसले. मांडवातली निम्मी माणसं एकाच टॉवरवर, त्यामुळे रात्री अपलोडचा वेग पडायचा. माझा व्हिडिओ मात्र एचडी. पाठवायचा डेटा वेगापेक्षा जास्त झाला की तो तुंबतो आणि शेवटी कनेक्शन तुटतं. म्हणून कीर्तनाच्या वेळी वेग मोजला आणि बिटरेट त्याच्या निम्म्यावर ठेवला. चित्र 480 वर आणलं. फोन फोर-जी आणि फाइव्ह-जीमध्ये उड्या मारत होता, तो फोर-जीवर लॉक केला. हातात घेऊन फिरण्याऐवजी जिथे रेंज चांगली त्या खांबाला बांधला. येणारे कॉल बंद केले, बॅटरी सेव्हर काढला, हॅलोजनच्या झळेपासून फोन लांब नेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुटल्यावर स्वतःहून पुन्हा जोडणारं ॲप घेतलं. त्यात स्ट्रीम की तीच राहते, म्हणून थोड्या वेळात जुळलं तर लिंकही तीच राहते.

काल्याच्या कीर्तनाला मावशीने फोन पुन्हा आबांसमोर ठेवला. त्या दिवशीही लाईव्ह चार वेळा तुटलं. मी स्क्रीनवर पाहत होते, पण हात लावला नाही. दर वेळी काही सेकंदांत ते परत आलं. दहीहंडी फुटली ती आबांनी पुण्यात पाहिली. संध्याकाळी त्यांनी फोनवर विचारलं, मधेमधे महाराज जरा थांबत होते, त्यांचा घसा बसला होता का?

मी हो म्हणून टाकलं.