पहाटे चारचे टेबल



स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा मंडळाचा निरोप आला, आणि सवयीप्रमाणे माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते वेळ नसल्याचे. ते निघताच माझी मलाच लाज वाटली, कारण याच वाक्याने माझे एक मोठे नुकसान केले आहे. ते शेवटी सांगते. आधी एका बाईंची हकीकत ऐका. वेळ नाही म्हणण्याचा अधिकार खरोखर कोणाला असेल, तर तो त्यांनाच होता.

या बाई म्हणजे इंग्रज लेखिका फ्रान्सिस ट्रोलप. जन्म 1779 सालचा, वडील धर्मोपदेशक. 1809 साली एका बॅरिस्टराशी त्यांचे लग्न झाले. नवरा विद्वान खरा, पण स्वभावाने तापट आणि व्यवहारात अपयशी. वकिली चालेना, म्हणून हॅरो गावी शेती धरली, तीही बुडाली. सात मुले झाली. त्यांपैकी पाच जणांचे मरण आईला पाहावे लागले.

संसार सावरण्यासाठी 1827 साली त्या काही मुलांना घेऊन अमेरिकेला गेल्या. सिनसिनाटी शहरात त्यांनी एक मोठे विक्रीचे दुकान उभारले. तेही बुडाले. 1831 साली परत आल्या त्या रिकाम्या हातांनी. जवळ होत्या फक्त तिकडे लिहून ठेवलेल्या टिपणवह्या. त्यांतूनच अमेरिकन लोकांच्या रीतिरिवाजांवरचे त्यांचे पहिले पुस्तक 1832 साली निघाले. तेव्हा बाईंचे वय 53 वर्षांचे होते! आपल्याकडे या वयात पुष्कळजणी आता आपले काय राहिले आहे, असे म्हणू लागतात. पुस्तक खूप गाजले. अमेरिकेत लोक रागावले, आणि त्यांच्या काही शेऱ्यांत एकांगीपणा होता हेही खरे. पण घरात पैसा आला.

तो फार दिवस पुरला नाही. 1834 साली कर्जापायी सारे कुटुंब बेल्जियममधील ब्रूज शहरी पळून गेले. तिथे मुलगा हेन्री क्षयाने अंथरुणाला खिळलेला, नवऱ्याची प्रकृती ढासळलेली, धाकट्या मुलीतही तीच लक्षणे दिसू लागलेली. मिळवते कोणी नाही. बाई दिवसा आजाऱ्यांचे करीत आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहीत. एका खोलीत औषधाच्या बाटल्या, दुसरीत शाईची दौत, असे ते घर होते. त्या डिसेंबरात हेन्री गेला, 1835 साली पती गेले, 1836 साली ती मुलगी गेली. लेखणी मात्र थांबली नाही. ती थांबली असती तर चूलही थांबली असती.

हे जमले कसे? त्यांचा नियम साधा होता. पहाटे चारला त्या टेबलाशी बसत आणि घर जागे होण्यापूर्वी त्या दिवसाचे लिखाण संपवीत. मग सारा दिवस घराचा. पाहुणे, हास्यविनोद, मुलांची हौसमौज यांत त्या कुठेही कमी पडत नसत. वयाच्या 76 व्या वर्षापर्यंत त्यांनी लिहिले. त्या काळी एक कादंबरी बहुधा तीन भागांत निघे. असे एकंदर 114 भाग त्यांच्या नावावर आहेत. नुसती करमणूकच केली असेही नाही. अमेरिकेतील गुलामगिरीवर 1836 साली आणि गिरण्यांत राबणाऱ्या लहान मुलांवर 1839-40 साली त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. दुसरीसाठी त्या स्वतः मँचेस्टरला जाऊन परिस्थिती पाहून आल्या. 1863 साली फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा मुलगा अँथनी पुढे आईपेक्षाही मोठा कादंबरीकार झाला. आई अमेरिकेत असताना हा पोरगा इंग्लंडात शाळेत एकटा होता, फी थकल्याने अपमान सोशीत होता. ते दुःख तो विसरला नाही. पण आईची पहाटही विसरला नाही. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो साडेपाचला लिहायला बसे. पुस्तक सुरू करण्यापूर्वी तो एक वही आखी, तिचे आठवड्यांचे रकाने पाडी, आणि रोज किती पाने झाली ते त्यात मांडी. साधारण आठवड्याला 40 पाने, पानाला 250 शब्द. आळस केला तर रिकामा रकाना डोळ्यांत खुपे. अशा हिशेबाने त्याच्या 47 कादंबऱ्या झाल्या. त्याला वेळेवर उठवून कॉफी देण्यासाठी एक नोकर होता आणि त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. आपल्याला कोण कॉफी देणार, असे तुम्ही हसून म्हणाल. खरे आहे, आपला चहा आपणच करायचा!

आता माझे नुकसान. सासूबाईंना जात्यावरच्या कितीतरी ओव्या येत. एका पाडव्याला मी संकल्प केला की वर्षभरात त्या साऱ्या उतरून घ्यायच्या. वही आणली, पहिल्या पानावर श्री लिहिले. मग सण आले, परीक्षा आल्या, लग्नकार्ये आली. वर्ष संपण्यापूर्वी सासूबाई गेल्या. वहीत उतरल्या होत्या सात ओव्या. बाकीच्या त्यांच्याबरोबर गेल्या.

संकल्प खोटा नव्हता. पण तो वर्षाचा होता, आणि वर्ष काही एका दिवशी हाती येत नाही. हाती येतो तो आठवडा. हे मला त्या आखलेल्या वहीने शिकविले. आमच्या आत्याबाई 84 वर्षांच्या आहेत. त्यांना अजून पुष्कळ आठवते. मी वहीला 52 रकाने पाडले आहेत. आठवड्याला दोन ओव्या, म्हणजे पुढच्या वर्धापनदिनापर्यंत 104. आजवर सहा रकाने भरले, एक रिकामा राहिला. तो रिकामा रकाना मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

तुमच्यापैकी कोणाची कविता, कोणाचे भरतकाम, कोणाच्या आठवणी अशाच कपाटात पडून असतील. त्यांनी एक वही आखावी. पुढच्या वर्षी याच दिवशी आपण आपापल्या वह्या घेऊन बसू, आणि रिकामे रकानेही न लाजता एकमेकींना दाखवू.