सौदामिनीची तलवार

आमच्या ‘ह्यांना’ घोडे, बंदुका आणि सूड असले इंग्रजी सिनेमे भारी आवडतात. रविवारी दुपारी घरात नुसती धाडधाड! एकदा वैतागून विचारलं, यात एखादी बाई कधी सूड घेते की नाही? ह्यांना उत्तर सुचेना. मला मात्र आठवल्या दुर्गा खोटे.

१९३६ मध्ये ‘प्रभात’ने पुण्यात ‘अमरज्योती’ हा हिंदी बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यातल्या सौदामिनीला राज्याचा कायदा तिचं तान्हं मूल देत नाही. बाईला तो हक्कच नाही म्हणे! मग ती समुद्रावरच्या चाच्यांची म्होरकी होते, राज्याची जहाजं लुटते आणि न्यायमंत्री दुर्जयाचा पाय तोडायला लावते. दुर्जय झाले होते चंद्रमोहन. त्यांचे डोळे बघून आजही धडकी भरते. पण सौदामिनी झालेल्या दुर्गाबाई त्या डोळ्यांपुढे तसूभरही मागे हटत नाहीत.

मैत्रिणींनो, हे बळ नुसतं अभिनयातलं नव्हतं. दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा, मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबातला. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, श्रीमंत खोट्यांच्या घरात पडल्या. पुढे घराची आर्थिक घडी विस्कटली. पदरात दोन मुलगे. घरंदाज बाईनं तोंडाला रंग फासायचा नाही, असा तो काळ. १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’मध्ये लहानसं काम केलं आणि लोकांनी नावं ठेवली. तरी त्या खचल्या नाहीत. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटात तारामती झाल्या आणि नावं ठेवणारेच कौतुक करू लागले.

नंतर कुठल्याही एका कंपनीला बांधून न घेता त्यांनी काम केलं. १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई कोण विसरेल? १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ‘वागळे की दुनिया’ ही मालिकाही त्यांच्याच संस्थेची. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळं आहे. चिंचवडला आमच्या मंडळात एक मुलगी आली होती. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं आणि तीन वर्षांचं लेकरू ठेवून घेतलं. रडत नव्हती, पेटली होती. एकेकाला कोयत्याने तोडीन, म्हणत होती. मी तिला गप्प केलं नाही. बाईचा राग आपण फार लवकर दाबतो. सगळं बोलून झाल्यावर तिला सांगितलं, सौदामिनीकडे फक्त तलवार होती, तुझ्याकडे कायदा आहे. १९५६ पासून पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडेच असावं, असं कायदाच म्हणतो. वकीलबाई गाठल्या. तारखांवर तारखा पडल्या, पण लेकरू आईकडे आलं. आज ती भोसरीत एका कंपनीत कामाला जाते आणि पोराला शाळेत सोडते.

पडद्यावर दुर्गाबाईंनी पोरासाठी तलवार उचलली. आयुष्यात मात्र पोरांसाठी कामाला लागल्या, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. मला विचाराल तर, खरा सूड तोच!