ऑगस्ट हॉर्ख : लोहाराच्या भट्टीपासून ऑडी मोटारीपर्यंत



एकमेकांत गुंतलेली चार कडी पुढच्या बाजूस मिरवणारी मोटार तुम्ही शहरात कधी ना कधी पाहिली असेल. तुमच्यापैकी जे पालक पन्नाशी ओलांडून गेले आहेत त्यांना तर ती दुसऱ्याच एका कारणाने आठवेल. १० मार्च १९८५ रोजी मेलबर्नच्या मैदानावर भारताने पाकिस्तानला हरवून जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून आपल्या मुंबईच्या रवी शास्त्रींना ऑडी १०० ही मोटार बक्षीस मिळाली. शास्त्रींनी ती तेथेच सुरू केली, खेळाडू टपावर आणि पुढच्या झाकणावर चढून बसले आणि मोटारीने मैदानाला फेरी मारली. ज्या घरात दूरदर्शन संच होता त्या घरात त्या दिवशी अर्धा मोहल्ला जमलेला असे. ऑडी हे नाव आपल्याकडे घरोघर पोहोचले ते त्या दिवशी.

परंतु हे नाव कोठून आले? ते कोणा धनिकाचे नव्हे, गावाचेही नव्हे. ते एका शाळकरी मुलाने सुचविलेले नाव आहे. ज्या माणसासाठी त्याने ते सुचविले, त्याला स्वतःचे नाव वापरण्यास न्यायालयाने मनाई केली होती. त्या माणसाची, म्हणजे ऑगस्ट हॉर्ख यांची जीवनकथा मी आज तुम्हाला सांगणार आहे.

हॉर्ख यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६८ रोजी जर्मनीत मोझेल नदीच्या काठी विनिंगेन नावाच्या गावी झाला. हा सारा प्रदेश द्राक्षमळ्यांचा. त्यांचे वडील लोहार होते. शाळा संपताच ऑगस्टने वडिलांच्याच भट्टीवर हातोडा धरला आणि काम शिकून झाल्यावर, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, तो मुलूख पालथा घालायला बाहेर पडला. जर्मन कारागिरांत अशी पद्धत होती की उमेदवारी संपली की तरुणाने गावोगाव हिंडावे, निरनिराळ्या उस्तादांकडे हात चालवावा आणि मगच स्वतःला कारागीर म्हणवून घ्यावे.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. आपल्या वस्तीत लोहारकाम, सुतारकाम, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती ही कामे बापाकडून मुलाकडे आलेली घरे कितीतरी आहेत. दहा-बारा वर्षांचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाने देऊ लागतो, अठराव्या वर्षी नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखतो आणि पुढे जन्मभर तेथेच राहतो. हॉर्ख तेथे थांबले नाहीत. विशीच्या उंबरठ्यावर, १८८८ साली, त्यांनी सॅक्सनी प्रांतातील मिट्वायडा येथील तांत्रिक विद्यालयात नाव घातले. हातांना घट्टे पडलेला हा तरुण आकृत्या काढणे, गणित, यंत्रशास्त्र शिकू लागला. ज्या वयात आपल्याकडे आता कसले शिक्षण, असे म्हटले जाते त्या वयात!

पालकहो, येथे मला जरा स्पष्ट बोलू द्या. आमच्या शाळेत दोन प्रकारचे वडील भेटतात. एक म्हणतात, गुरुजी, मुलाला गॅरेजमध्ये घालतो, पुस्तकाने पोट भरत नाही. दुसरे म्हणतात, मुलगा पदवीधर होईल पण हाताला काळे लावणार नाही. पहिल्यांचा मुलगा इंजिन उघडतो पण ते तसे का चालते हे त्याला कोणी सांगत नाही. दुसऱ्यांच्या मुलाला ते का चालते हे परीक्षेपुरते पाठ असते, पण पाना कसा धरावा हे ठाऊक नसते. हॉर्ख यांच्यापाशी दोन्ही होते, आणि त्यांनी पुढे जे केले त्यातले काहीही यापैकी एकाच्या जोरावर झाले नसते असे माझे मत आहे.

विद्यालयातून बाहेर पडल्यावर काही वर्षे त्यांनी इंजिने बनविणाऱ्या कारखान्यांत काढली. १८९६ साली ते मानहाइम येथे कार्ल बेन्झ यांच्याकडे रुजू झाले. बेन्झ म्हणजे १८८६ साली पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारगाडीचे पेटंट घेणारे गृहस्थ. त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत मोटार हाकीत नेली, तेव्हा इंधन वाटेतल्या एका औषधाच्या दुकानातून विकत घ्यावे लागले होते. मोटार बाळगणे हा त्या काळी असा प्रकार होता. पंप नाही, दुरुस्तीचे दुकान नाही, रस्तेही घोड्यांच्या सोयीचे. मालकाला एकतर स्वतः यंत्र समजले पाहिजे, नाहीतर यंत्र समजणारा माणूस पदरी ठेवला पाहिजे.

बेन्झ यांच्या कारखान्यात हॉर्ख लवकरच मोटारविभागाचे प्रमुख झाले. १८९९ साली या कारखान्यातून ५७२ मोटारी बाहेर पडल्या. त्या वेळी जगात एवढ्या मोटारी दुसरा कोणी बनवीत नव्हता. तरीही गुरुशिष्यांचे पुरते जमले नाही. बेन्झ सावध स्वभावाचे. आपली गाडी चालते आहे, विकली जाते आहे, मग तिच्यात फार बदल कशाला, असा त्यांचा विचार. हॉर्ख यांच्या डोक्यात नव्या कल्पना घोळत होत्या. अखेर १४ नोव्हेंबर १८९९ रोजी त्यांनी कोलोन शहराच्या एरेनफेल्ड भागात स्वतःची कंपनी काढली. जागा कोणती, तर पूर्वीचा घोड्यांचा तबेला! आरंभी दुरुस्तीची कामे घेऊन पोट भरले आणि १९०१ साली पहिली हॉर्ख मोटार रस्त्यावर आली.

मोटारींची कामे शिकणाऱ्या मुलांनी येथे लक्ष द्यावे. त्या काळी बहुतेक मोटारींत इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत साखळीने अगर पट्ट्याने जात असे. साखळी खडखडे, चिखल खाई, तुटे. हॉर्ख यांनी तिच्याऐवजी फिरता दांडा, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला शाफ्ट म्हणतात तो बसविला. इंजिनाचा खालचा पेटारा ओतीव लोखंडाऐवजी हलक्या धातूचा केला, तेणेकरून वजन उतरले. गिअरच्या दात्यांसाठी क्रोम आणि निकेल मिसळलेले चिवट पोलाद वापरले. पोलाद कोणते, किती तापवायचे, कोठे झिजेल, हे प्रश्न लोहाराच्या मुलाला पुस्तकातून नव्याने कळावयाचे नव्हते. त्या पोलादाला नाव आणि प्रमाण तेवढे विद्यालयाने दिले.

भांडवलाच्या शोधात कंपनी १९०२ साली राइखेनबाखला आणि १९०४ साली झ्विकाऊ या गावी गेली. १९०६ साली चित्रकार हेर्कोमर यांच्या नावाने भरणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत झ्विकाऊच्या एका वकिलाने हॉर्ख मोटार चालवून पहिला क्रमांक मिळविला. गाडीची ताकद अवघी २२ अश्वशक्ती. तिच्यापुढे कितीतरी दांडग्या गाड्या हरल्या. हॉर्ख यांचे नाव देशभर झाले.

मात्र कंपनी आता एकट्याची राहिली नव्हती. भागधारक आले, संचालक आले, हिशेब पाहणारे आले. हॉर्ख यांना शर्यती हव्यात, प्रयोग हवेत. संचालकांना नफा हवा. त्यांनी काढलेली सहा सिलिंडरची गाडी चालली नाही, तेव्हा बोलणी आणखी वाढली. संचालकांची बाजू अगदीच खोटी होती असे मला वाटत नाही. पगार तर दर महिन्याला द्यावेच लागतात. पण १९०९ च्या जूनमध्ये गोष्ट या थराला गेली की ज्याने कंपनी काढली त्यालाच कंपनीतून बाहेर पडावे लागले. वय चाळीस.

महिनाभरात, १६ जुलै १९०९ रोजी, त्याच झ्विकाऊ गावात त्यांनी दुसरी कंपनी काढली आणि तिलाही आपलेच नाव दिले. जुन्या कंपनीने दावा लावला. हॉर्ख हे नाव आमचे नोंदलेले व्यापारचिन्ह आहे, असे तिचे म्हणणे. न्यायालयाने ते मान्य केले. वडिलांकडून आलेले, बाप्तिस्म्याच्या नोंदीत असलेले नाव स्वतःच्या मोटारीवर लिहिण्याचा हक्क ऑगस्ट हॉर्ख यांना उरला नाही.

नवे नाव काय ठेवावे याचा खल करण्यासाठी मंडळी फ्रांत्स फिकेन्टशर या मित्राच्या घरी जमली. पुष्कळ नावे निघाली आणि मोडीत निघाली. त्याच खोलीत एका कोपऱ्यात फिकेन्टशर यांचा शाळकरी मुलगा हाइनरिख लॅटिनचा अभ्यास करीत बसला होता. तो बराच वेळ चुळबूळ करीत होता, पण वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कसे पडावे! अखेर त्याला राहवले नाही. हॉर्ख या शब्दाचा जर्मन भाषेत अर्थ होतो ऐक, कान देऊन ऐक. लॅटिनमध्ये त्यालाच ऑडी म्हणतात. मग हॉर्खऐवजी ऑडी का नको, असे त्याने वडिलांना विचारले. साऱ्यांनी ते एकदम उचलून धरले. २५ एप्रिल १९१० रोजी कंपनीचे नाव ऑडी असे बदलले गेले. नाव तेच, पोशाख निराळा. न्यायालयाला त्यात हरकत घेण्याजोगे काही नव्हते.

आपली मुले सकाळी मकतबात अरबी वाचतात, घरी उर्दू किंवा दखनी बोलतात, शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी शिकतात, आणि आपण त्यांना किती भाषांचा हा भार म्हणून कळवळतो. हाइनरिखचे लॅटिनही घरी-दारी कोणी बोलत नव्हते. आपल्या मुलांना विचारून पाहा, हॉर्खला अरबीत काय म्हणावे? इस्मअ. उर्दूत? सुनो. मराठीत? ऐक. एका दमात तीन उत्तरे देणारी मुले आपल्या वर्गात बसलेली आहेत.

नवी ऑडी खरी गाजली ती आल्प्स पर्वतातील शर्यतीत. ऑस्ट्रियातील घाटरस्त्यांवर दिवसेंदिवस चालणारी ही कठीण कसोटी होती. चढावर इंजिन तापावे, उतारावर ब्रेक जळावेत. १९११ साली हॉर्ख स्वतः चाकामागे बसले आणि एकही दंडगुण न होता पल्ला पार केला. पुढे १९१४ पर्यंत ऑडीच्या गाड्यांनी तेथे विजयामागून विजय मिळविले. त्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीला लोक आल्प्सविजेती म्हणू लागले.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, हॉर्ख कारखाना सोडून बर्लिनला गेले आणि मोटारविषयक तज्ज्ञ म्हणून काम करू लागले. १९२२ साली ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. १९२८ साली ऑडी कंपनी रासमुसेन नावाच्या डॅनिश उद्योजकाच्या हाती गेली. १९३२ च्या मंदीत सॅक्सनीतील चार कंपन्या एकत्र येऊन ऑटो युनियन स्थापन झाली : ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख आणि वांडरर. तीच ती चार कडी. ज्या दोन कंपन्या नावासाठी कोर्टात भांडल्या त्या तेवीस वर्षांनी एका साखळीत आल्या, आणि हॉर्ख यांना देखरेख मंडळावर जागा मिळाली.

या नंतरचा काळ मात्र सांगताना जीभ अडखळते. हिटलरच्या राजवटीत ऑटो युनियन सैन्यासाठी उत्पादन करू लागली आणि युद्धकाळात तिने छळछावण्यांतील हजारो कैद्यांना कामाला जुंपले. कंपनीनेच करवून घेतलेला याविषयीचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हॉर्ख तेव्हा सत्तरी ओलांडलेले, रोजच्या कारभारापासून दूर होते. पण मंडळावर त्यांचे नाव होते. मोटारीची कीर्ती सांगायची आणि हे गाळायचे, असे शिक्षकाला करता येत नाही.

१९४५ नंतर झ्विकाऊ रशियनांच्या ताब्यातील भागात गेले आणि कारखाने सरकारजमा झाले. तेथे १९५७ पासून ट्राबांट ही छोटी दोन स्ट्रोकची गाडी निघू लागली. आपल्याकडे एके काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत, तसे पूर्व जर्मनीतील कुटुंबे ट्राबांटसाठी दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक थांबत. १९९१ साली ती बंद होईपर्यंत तीस लाखांहून अधिक गाड्या तेथे बनल्या. जी मंडळी पश्चिमेकडे आली त्यांनी १९४९ साली इंगोलश्टाट येथे ऑटो युनियन नव्याने उभारली. ऑडी हे नाव मात्र १९६५ सालीच मोटारीवर परत आले. पुढे २००७ साली आपल्या औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथील कारखान्यात ऑडी मोटारींची जुळणी सुरू झाली.

ऑडी या नावाचे पुनरागमन हॉर्ख यांनी पाहिले नाही. ३ फेब्रुवारी १९५१ रोजी म्युंखबर्ग येथे, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या दोन नावांपैकी एकाही नावाची मोटार बनत नव्हती. त्यांना विनिंगेनला आणून जन्मगावच्या मातीत पुरण्यात आले. १९८८ साली झ्विकाऊमध्ये मोटारींचे संग्रहालय निघाले आणि त्याला ऑगस्ट हॉर्ख यांचे नाव देण्यात आले. आज ते जुन्या ऑडी कारखान्याच्या आवारात आहे आणि हॉर्ख यांचे राहते घरही तेथेच जपून ठेवले आहे.