डॉ. द्वारकानाथ कोटणीस

युद्धावरील चित्रपट म्हटला की तोफांचा गडगडाट आणि सेनापतींचे डावपेच डोळ्यांपुढे येतात. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या चित्रपटाचा नायक मात्र जखमी शिपायांची शुश्रूषा करणारा एक मराठी डॉक्टर आहे. ती भूमिका शांतारामांनी स्वतःच केली.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईस ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा चीनच्या विनंतीवरून राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोटणीसही होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक निघाले. चीनमध्ये पोहोचून काही महिने होतात न होतात, तोच वडील निवर्तल्याची वार्ता आली. परत फिरण्यास कोणीही हरकत घेतली नसती. पण कोटणीस पुढेच गेले. सोलापूरच्या त्या घरावर तेव्हा काय प्रसंग गुदरला असेल, याचा विचार चित्रपट पाहताना सहसा कोणी करीत नाही.

उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात ते आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. जखमी होते ते बहुधा शेतकऱ्यांचे मुलगे. त्यांच्याशी बोलता यावे म्हणून कोटणीस चिनी शिकले आणि पुढे त्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले. घरी मराठी व बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्या सोनागिरीच्या विद्यार्थ्यांस या श्रमाची कल्पना थोडीफार येईल!

कॅनडाचे शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथून १९३९ मध्ये रुग्णसेवा करतानाच मृत्यू पावले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. त्याच वर्षी परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनह्वा; यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

चित्रपटात प्लेगवर उपाय शोधताना नायक स्वतःवरच प्रयोग करतो. प्रत्यक्षात कोटणिसांना अपस्माराचे झटके येत. तशाही स्थितीत रुग्णालय आणि शस्त्रक्रियेवरील पुस्तकाचे लेखन त्यांनी सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. मूल तेव्हा चार महिन्यांचेही नव्हते. पथकातील इतर चौघे कालांतराने मायदेशी परतले. कोटणिसांची समाधी शिच्याच्वांग नगरात, बेथून यांच्या समाधीच्याच स्मृतिवनात आहे.