एकवीस वळणांपैकी चौदावे

सायकल शिकण्याची आपल्याकडची रीत ठरलेली आहे. वडिलांची चोवीस इंची, काळी, जड सायकल. सीटपर्यंत पाय पोचत नाहीत, म्हणून दांडीखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि कैची मारत गावाच्या वेशीपर्यंत जायचे. गुडघे फुटतात, कोपर सोलवटते, आईची बोलणी खावी लागतात. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी असो की आणखी कुठले गाव, पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाला ही आठवण विचारून पाहावी. त्या सायकलीवर पुढे दुधाच्या किटल्या चढतात, गवताचा भारा चढतो, शाळेत जाणारी धाकटी बहीण बसते. सायकल म्हणजे कामाची वस्तू. तिच्यावरून कोणी जगप्रसिद्ध होईल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

ज्वाकिम अगुश्तिन्यूच्याही स्वप्नात ते आले नव्हते. पोर्तुगालमधील तोरेश वेद्राश या गावाजवळच्या एका वाडीत, शेतकरी कुटुंबात, ७ एप्रिल १९४३ रोजी त्याचा जन्म झाला. शेतात राबून कमावलेले शरीर, रुंद खांदे, जाडजूड मांड्या. युरोपातले सायकलपटू बहुधा काटक, वेताच्या छडीसारखे असतात. हा मात्र आपल्याकडच्या तालमीतला पैलवान वाटावा असा. वयाच्या पंचविशीपर्यंत त्याने कोणत्याही मोठ्या शर्यतीत भाग घेतला नव्हता. हल्लीच्या हिशेबाने पाहिले तर ज्या वयात प्रशिक्षक उमेद सोडतात, त्या वयात याची सुरुवात झाली.

मधली वर्षे गेली लष्करात. त्या काळी पोर्तुगालवर सालाझारची हुकूमशाही होती. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि साडेचारशे वर्षांची सत्ता दोन दिवसांत संपली, हे आपण जाणतोच. त्याच वर्षी आफ्रिकेतील अंगोलात बंड पेटले, १९६४ मध्ये मोझांबिकमध्येही. गोवा हातचा गेला तरी उरलेल्या वसाहती सोडायच्या नाहीत, या हट्टापायी त्या गरीब देशाने आपली तरणी पोरे सक्तीने आफ्रिकेत धाडली. अगुश्तिन्यू मोझांबिकला गेला. तिथे तो जड लष्करी सायकलीवरून निरोप पोचवण्याचे काम करी, आणि इतरांना पाच तास लागत तिथे त्याला दोन पुरत, अशी कथा पोर्तुगालमध्ये आवडीने सांगितली जाते. अशा कथांना थोडी कल्हई चढतेच. पण पुढे त्याने जे करून दाखवले ते पाहता ती अगदीच अविश्वसनीय वाटत नाही.

क्लबांची सायकल

पोर्तुगालमध्ये सायकल शर्यतीचे वेड जुने आहे. व्होल्ता म्हणजे देशाला सायकलीवरून घालायची प्रदक्षिणा. ती पहिल्यांदा निघाली १९२७ साली. विशेष म्हणजे फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेले स्पोर्टिंग, बेन्फिका आणि पोर्तू हे क्लब सायकलीचेही संघ बाळगून होते. त्यामुळे फुटबॉलच्या मैदानावरचे भांडण उन्हाळ्यात रस्त्यावर उतरे. १९३० च्या दशकात बेन्फिकाचा निकोलाउ आणि स्पोर्टिंगचा त्रिंदादे यांच्या चुरशीने घरोघरी दोन तट पडले होते. ज्या खेड्याने फुटबॉलचे मोठे मैदान कधी पाहिले नाही, त्याच्या दारावरून वर्षातून एकदा हे वीर जात. तिकीट नाही, रांग नाही. घरासमोर खुर्ची टाकली की झाले.

टप्प्यांची शर्यत म्हणजे काय, हेही थोडे समजून घ्यायला हवे. रोज एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे, रोजचा वेळ मांडायचा आणि शेवटी ज्याच्या वेळेची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. पुढच्याच्या आडोशाला राहिले की वारा लागत नाही आणि श्रम साधारण एक तृतीयांशापर्यंत वाचतात. म्हणून प्रत्येक संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेणारे, पाणी आणून देणारे, वेळप्रसंगी आपले चाक काढून देणारे साथीदार. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालण्याची जशी एक शिस्त असते, तशी या घोळक्यातही असते. ती शिस्त पोरवयापासून अंगी मुरावी लागते. अगुश्तिन्यूला नेमकी तीच मिळाली नव्हती. बळ अफाट, पण घोळक्यात सायकल चालवण्याची कला कच्ची. त्यामुळे तो वारंवार पडे. सगळी कारकीर्द त्याने पडत आणि उठत काढली.

वादळी आगमन

लष्करातून परतल्यावर गावाकडच्याच एका स्पोर्टिंगच्या सायकलपटूचे त्याच्याकडे लक्ष गेले आणि १९६८ साली तो या क्लबात दाखल झाला. त्याच वर्षी तो राष्ट्रीय विजेता ठरला आणि व्होल्तामध्ये दुसरा आला. हे राष्ट्रीय विजेतेपद १९७३ पर्यंत सलग सहा वर्षे त्याने कोणाला मिळू दिले नाही. १९६८ मध्येच ब्राझीलमधील साओ पाउलोची शर्यत त्याने जिंकली. फ्रान्समधील एका संघाचा चालक जाँ द ग्रिबाल्दी याला माणसे हेरण्याची नजर होती. त्याने या शेतकऱ्याच्या मुलाला उचलले आणि १९६९ मध्ये थेट टूर द फ्रान्समध्ये उतरवले.

ते वर्ष बेल्जियमच्या एडी मर्क्सचे. त्याच्या पहिल्या विजयाने सगळे युरोप दिपून गेले होते. त्या झगमगाटातही या अनोळखी पोर्तुगीज गड्याने दोन टप्पे जिंकले आणि एकंदर आठवा क्रमांक मिळवला. शर्यतीच्या जगात पाऊल टाकून त्याला जेमतेम दीड वर्ष झाले होते.

त्या काळात लाखो पोर्तुगीज पोटासाठी फ्रान्समध्ये गेले होते. कोणी इमारतींच्या पायावर, कोणी कारखान्यात, कोणी लोकांच्या घरी धुणीभांडी. कित्येकांचे बिऱ्हाड पॅरिसबाहेरच्या पत्र्याच्या झोपड्यांत. दिवाळी संपली की ऊसतोडीसाठी बैलगाड्या जोडून निघणारी आपली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या स्थलांतराचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको. परमुलखात मान खाली घालून राबणाऱ्या या लोकांना जुलै महिन्यात मान वर करायला एक माणूस मिळाला. तोही त्यांच्यासारखाच, शेतातला, फारसा न बोलणारा.

अकरा सेकंद

१९७०, ७१ आणि ७२ अशी सलग तीन वर्षे व्होल्ता त्याने जिंकली. फ्रान्समध्ये १९७१ ला पाचवा, १९७४ ला सहावा. १९७३ मध्ये बोर्दो शहरातील घड्याळाविरुद्धचा टप्पाही त्याचा.

पण लोकांच्या मनात घर करून राहिले ते १९७४ चे वर्ष आणि स्पेनची प्रदक्षिणा. ती शर्यत एप्रिलच्या अखेरीस सुरू झाली आणि दोनच दिवसांत, २५ एप्रिलला, लिस्बनमध्ये सैन्याने हुकूमशाही उलथवली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची लाल फुले खोवली. देश रस्त्यावर आनंदाने नाचत होता आणि त्याचा सर्वांत लाडका खेळाडू शेजारच्या स्पेनमध्ये डोंगर चढत होता. स्पेनचा होजे मानुएल फुएन्ते हा डोंगरांचा राजा पुढे होता. शेवटच्या दिवशी, १२ मे रोजी, सान सेबास्तियन येथे घड्याळाविरुद्धची शर्यत झाली. अगुश्तिन्यूने ती जिंकली. मात्र एकंदर बेरजेत तो मागे पडला. किती? अवघ्या ११ सेकंदांनी. जवळजवळ तीन आठवड्यांची दौड, हजारो किलोमीटर, आणि फरक चपलेचा अंगठा नीट करायला लागतो तेवढ्या वेळाचा.

टूर, स्पेन आणि इटली या तीन मोठ्या प्रदक्षिणांपैकी एकही त्याच्या नावावर नाही. त्या अकरा सेकंदांत ती संधी निसटली ती कायमची.

डागही त्याचेच

थोरांच्या चरित्रात फक्त दिवाळीच्या पणत्या लावायच्या, अशी आपल्याकडे एक सवय आहे. इथे ती सोडायला हवी. १९६९ मध्ये व्होल्ता तो प्रत्यक्ष रस्त्यावर जिंकला होता, पण उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी ठरला आणि विजय काढून घेतला गेला. १९७३ मध्ये पुन्हा तेच घडले. १९७७ मध्ये टूर द फ्रान्समध्ये सेंत एत्येनच्या टप्प्यावर तो पहिला आला आणि तिसऱ्यांदा चाचणीत अडकला. त्या टप्प्याच्या विजेत्याचा रकाना आजही रिकामा आहे. त्या काळी घोळक्यातले अनेक नामवंत या मोहात सापडले होते हे खरे, पण त्यामुळे चूक ही चूक राहत नाही असे नाही. त्याच्या देशबांधवांनी या गोष्टी विसरल्या नाहीत. त्यांनी त्या त्याच्या हिशेबात धरल्या आणि तरीही त्याच्यावर माया केली. घरातल्या कर्त्या मुलाच्या बाबतीत आपण वेगळे काय करतो?

म्हातारपणीची कमाई

सायकलपटूचे वय तिशीनंतर उतरणीला लागते, असे मानतात. याचे उलटेच झाले. १९७८ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, टूर द फ्रान्समध्ये तो तिसरा आला. पुढच्या वर्षी, १९७९ ला, पुन्हा तिसरा. दोन्ही वेळा पहिला फ्रान्सचा बर्नार इनो आणि दुसरा हॉलंडचा योप झूटेमेल्क.

त्या १९७९ च्या जुलैत आल्प द्युएझचा घाट आला. आपला बोरघाट सायकलीने चढून गेलेल्या मुंबई-पुणे शर्यतीतल्या विजेत्याला आपण कौतुकाने घाटांचा राजा म्हणतो. आल्प द्युएझ त्याहून कितीतरी निष्ठुर. जवळजवळ चौदा किलोमीटरचा उभा चढ आणि एकवीस नागमोडी वळणे. वळणांना आकडे दिले आहेत, तेही उलटे. पायथ्याशी २१, माथ्यावर १. म्हणजे दमलेल्या माणसाला आणखी किती भोगायचे आहे ते प्रत्येक वळणावर कळत जाते. छत्तीस वर्षांचा अगुश्तिन्यू त्या दिवशी सर्वांना मागे टाकून एकटा वर पोचला. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत देखणा दिवस.

एकूण तेरा वेळा तो टूरला उतरला आणि त्यांतल्या बारा वेळा त्याने ती पुरी केली. शेवटची १९८३ साली, वयाच्या चाळिशीत, अकरावा येऊन.

तीनशे मीटर

१९८४ मध्ये तो पुन्हा आपल्या जुन्या स्पोर्टिंगकडे परतला. वय ४१. दक्षिण पोर्तुगालमधील आल्गार्वची प्रदक्षिणा चालू होती आणि आघाडीवीराची पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर होती. ३० एप्रिल. क्वार्तैरा गावी टप्पा संपायला सुमारे तीनशे मीटर उरले असताना एक कुत्रे रस्त्यावर आडवे आले. अगुश्तिन्यू त्यावर आदळला आणि डोक्यावर पडला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्या काळी फारसे कोणी घालत नसे.

तो उठला. आयुष्यभर पडल्यावर उठायची सवय होती, तसाच उठला. दोन सायकलपटूंच्या आधाराने त्याने अंतिम रेषा ओलांडली आणि तो हॉटेलवर गेला. नेहमीसारखेच पडणे, असे साऱ्यांना वाटले. मग डोके असह्य दुखू लागले. तपासणीत कवटी फुटल्याचे दिसले. जवळच्या फारो शहरात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. हेलिकॉप्टर मिळाले नाही. जवळजवळ तीनशे किलोमीटरवरच्या लिस्बनला त्याला रुग्णवाहिकेतून, रस्त्यानेच न्यावे लागले. त्यात मोलाचे तास गेले. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. १० मे १९८४ रोजी त्याचे निधन झाले.

आडगावच्या माणसाला डोक्याला मार लागला की मोठ्या शहराचा रस्ता किती लांब होतो, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पिवळी जर्सी घातलेल्या माणसालाही तो रस्ता जवळ झाला नाही.

व्यावसायिक शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचे व्हायला त्यानंतर एकोणीस वर्षे लागली. २००३ मध्ये कझाकस्तानचा आंद्रेइ किव्हिलेव्ह असाच पडून गेला, तेव्हा कुठे नियम झाला. तोरेश वेद्राशच्या परिसरात त्याच्या नावाची शर्यत आजही भरते. अलीकडे जोआँउ आल्मेइदा हा पोर्तुगीज तरुण २०२५ मध्ये स्पेनच्या प्रदक्षिणेत दुसरा आला, तेव्हा जुन्या लोकांना ते अकरा सेकंद आठवले नसतील तरच नवल. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातही टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. रस्त्याकडेला उभी राहून ती पाहणाऱ्या पोरांत कैची मारत शिकलेलेही काही असतीलच.

आल्प द्युएझच्या चौदाव्या वळणावर आज अगुश्तिन्यूचा ब्राँझचा अर्धपुतळा उभा आहे. माथा तिथून अजून बराच दूर आहे. पायथाही बराच खाली राहिला आहे. उशिरा निघालेला, अनेकदा पडलेला, काही वेळा चुकलेला आणि तरी चढत राहिलेला हा माणूस तिथे शोभतो.

आणि आपल्या घरातले पोर संध्याकाळी सायकल काढून वेशीकडे निघाले, तर त्याला अडवू नये. डोक्यावर काही घातले आहे का, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे त्याचे लक्ष आहे का, एवढे मात्र जरूर पाहावे.