प्रकाशाचे कारागीर

जुन्नरजवळ लेण्याद्रीचा डोंगर आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी छिन्नी-हातोडा घेऊन तेथील कठीण खडकात लेणी कोरली. कोरण्याची याहून निराळी अशी एक कला आहे. तिच्यात रेखाटण्याचे काम प्रकाश करतो आणि छिन्नीचे काम दाहक द्रावण करते. या कलेत आपल्याकडे ज्यांनी आरंभीच्या काळात प्रावीण्य मिळविले, त्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होत. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके म्हणून सारा देश त्यांना ओळखतो.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे विद्वान होते. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापक झाले, तेव्हा कुटुंबही मुंबईस आले. चित्रकलेची ओढ असलेल्या धुंडिराजांनी १८८५ साली सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रण व छपाईचे ठसे तयार करण्याची विद्या आत्मसात केली.

ही विद्या मोठी मनोरंजक आहे. तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा घासून आरशासारखा लखलखीत करीत. त्यावर सरसात बायक्रोमेट नावाचे क्षार मिसळून पातळ लेप देत व तो अंधारात वाळवीत. मग छायाचित्राची उलटी काच त्यावर ठेवून पत्रा प्रखर प्रकाशात धरीत. जेथे प्रकाश पडे तेथला लेप घट्ट होई. जेथे पडत नसे तेथला पाण्याने धुऊन जाई. शेवटी पत्रा दाहक द्रावणात बुडविला, की उघडी धातू झिजे आणि झाकलेले बारीक ठिपके उंच राहत. चित्राच्या गडद भागात हे ठिपके मोठे असत, उजळ भागात लहान. त्यांवर शाई फिरवून कागद दाबला, की चित्र उमटे. पिवळ्या, तांबड्या व निळ्या रंगांचे तीन ठसे अचूक जुळले, तर चित्र रंगीत होई. केसभर चूक झाली तरी सारे श्रम वाया जात.

फाळक्यांच्या वाट्याला दुःखेही आली. गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असता प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दगावले. तरीही ते खचले नाहीत. १९०३ साली त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली; परंतु स्वदेशीच्या चळवळीत ती सोडली आणि लोणावळे येथे छापखाना काढला. १९०९ साली ते जर्मनीस जाऊन नवी यंत्रे घेऊन आले. छापखान्याचा लौकिक वाढला. पण भागीदारांशी मतभेद झाले व चाळिशीच्या उंबरठ्यावर उभारलेला व्यवसाय त्यांनी सोडून दिला.

१९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. आपल्या देशातील कथाही अशाच पडद्यावर याव्यात, हा ध्यास त्यांनी घेतला. रात्रंदिवस चित्रपट पाहून व प्रयोग करून त्यांच्या डोळ्यांवर ताण पडला आणि काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत येताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या व १९१२ साली लंडन गाठले. तेथून त्यांनी कॅमेरा व इतर साहित्य मिळविले.

फिल्म म्हणजे प्रकाशग्राही लेप दिलेली लांब पट्टी. ती कडांना छिद्रे न पाडता मिळे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंस चार-चार छिद्रे यंत्राने पाडावी लागत, आणि तीही अंधारात. एका फुटात सोळा चित्रे मावत. हे किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच करीत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. प्रसंगी त्यांनी आपले दागिनेही दिले. घरच्या एका कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते, याचे चित्रण करून फाळक्यांनी धनिकांना आपल्या विद्येची खात्री पटविली. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि भारतात नवे युग सुरू झाले.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. आज संगणकातील सूक्ष्म मंडले घडविताना हेच तत्त्व वापरतात : प्रकाशग्राही लेप द्यावयाचा, त्यावर आकृतीचा प्रकाश पाडावयाचा व नको तो भाग कोरून काढावयाचा. साधने बदलली, परंतु चिकाटी, अचूकपणा आणि नवे शिकण्याची तळमळ यांचे मोल मात्र कमी झालेले नाही.